रामटेकेभाऊंचं 'नाई चालत'

माझ्या लग्नात मामाने दिलेला कपबशांचा एक सेट आहे. पांढराशुभ्र, काठाला सोनेरी रेघ. त्यातल्या प्रत्येक कपाच्या बुडाला काळ्या मार्करने 'नाई चालत' असं लिहिलेलं आहे. घासणीने घासलं, लिंबू चोळलं, नेलपॉलिश काढायचं पाणी लावून पाहिलं. अक्षरं पुसट झाली, गेली नाहीत. पाहुण्याने शेवटचा घोट घेताना कप तिरपा केला की समोर बसलेल्याला ते वाचता येतं आणि तो विचारतो, "काय चालत नाही?" मग मला रामटेकेभाऊ सांगावे लागतात, आणि सांगता सांगता आजही माझं डोकं तापतं.

चंद्रपूरच्या ऊर्जानगर वसाहतीत ते आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. आमच्या दोन दारांमध्ये फक्त जिना. नोकरी वीज केंद्रातल्या सेफ्टी सेक्शनला. मध्यम उंची, चष्म्याला नाडी, शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी टेस्टर. सणाच्या दिवशी नवा शर्ट घातला तरी टेस्टर असायचाच. दारात आले की दोनदा खोकायचे आणि तिसरा खोकला ते आमच्या स्वयंपाकघरात खोकायचे. चपला काढल्या की त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवायचे. "निघा लागलं तं वळा लागू नये," असं त्यांचं म्हणणं. आपल्या वळवून झाल्या की आमच्याही वळवायचे. कामावर जे करायचं ते माणूस घरी विसरतो म्हणतात. यांनी कामावरचं सगळं घरी आणलं होतं, आणि स्वतःचं घर पुरेना म्हणून आमच्या घरी.

आमच्या इमारतीत मायक्रोवेव्ह लवकर आले ते शिफ्टमुळे. कोण फर्स्ट शिफ्टला, कोण सेकंडला, कोण जनरलला. चार माणसं चार वेळेला जेवणार आणि प्रत्येकाला भाजी गरम हवी. मी शाळेत शिक्षिका, हे प्लांटवर. आम्हीही घेतला. जागा नव्हती म्हणून फ्रिजवर ठेवला आणि धूळ बसू नये म्हणून मी स्वतः विणलेला रुमाल वरून घातला. त्याच संध्याकाळी दोन खोकले.

"मॅडम, आणला म्हणते तुमी."

"हो भाऊ, आणला."

त्यांनी अभिनंदन केलं नाही. रुमाल दोन बोटांनी उचलला, घडी करून माझ्या हातात दिला. "त्याची गरम हवा कुठून निघन? तुमाले उन्हाळ्यात चादर पांघरून झोपवलं तं?" मग प्लग पाहिला. आम्ही तो फ्रिजसोबत एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावला होता. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं घरात कुणाचं काही झालं. मायक्रोवेव्हला स्वतःचा सोळा अँपिअरचा सॉकेट पाहिजे, अर्थिंगसह. फ्रिजवर नाही, ओट्यावर पाहिजे, म्हणजे गरम भांडं डोक्यावरून उतरवावं लागणार नाही. मागे वीतभर जागा पाहिजे. हे सगळं त्यांनी नुसतं सांगितलं नाही, करूनच घेतलं. यांना आणि शेजारच्या निकोडेंना दोन्ही बाजूंनी धरायला लावून मायक्रोवेव्ह ओट्यावर आणवला. माझे डाळ-तांदळाचे डबे खाली गेले. मी उभी राहून पाहत होते. माझ्याच घरात मला कोणी काही विचारत नव्हतं.

त्यानंतर मार्कर निघाला. माझी भांडी त्यांनी एकेक करून ओट्यावर मांडली. काचेच्या जाड बाऊलवर 'चालते'. स्टीलच्या डब्यांवर लिहायचीही तसदी घेतली नाही, नुसते बाजूला सारले. प्लास्टिकच्या डब्यांची बुडं उलटी करून चष्मा कपाळावर चढवून खुणा वाचल्या आणि चारांतल्या तिनांवर 'नाई चालत'. मी चहा टाकायला वळले तेवढ्यात मामाचा सेट.

"भाऊ! लग्नातला आहे तो!"

"सोन्याची रेघ आहे, मॅडम. धातू. आत ठिणग्या उडन."

"मी यात काही गरम करणारच नव्हते!"

"तुमी नाई करणार. दुसरं कोणी केलं तं? यंत्राले लिहाज नसते."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यंत्राला लिहाज नसतो. अंडं कवचासकट ठेवलं, की फुटणार. झाकण घट्ट लावून डबा ठेवला, की उडणार. रिकामाच चालवला, की जळणार. मग तुम्ही शिक्षिका असा की इंजिनीयर. आमच्या यांनी एकदा आतला दिवा गेला म्हणून प्लग काढून मागचं झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर घेतला, तर भाऊंनी तो हातातून काढून स्वतःच्या खिशात टाकला. "प्लग काढला म्हणजे करंट गेला, असं कोणं सांगितलं? आत भरून राहते. मेकॅनिकले बोलवा." स्क्रू ड्रायव्हर आठवड्याने परत मिळाला.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. ते भीती घालत नव्हते. निकोडेबाईंची सून गरोदर होती आणि किरणं बाहेर येतात म्हणून तिला स्वयंपाकघरात पाऊलच टाकू देत नव्हते. तर हेच गृहस्थ तिथे गेले, दार उघडझाप करून पाहिलं, काचेमागची जाळी पाहिली आणि सासूला म्हणाले, "दार नीट लागून राह्यलं, जाळी शाबूत आहे. काही होत नाई पोरीले. दार वाकलं, बिजागरी ढिली झाली तं मात्र मशीनले हात लावायचा नाई." सून खूश झाली, कारण तिला भूक लागली होती. सासू मात्र रागावली ती रागावलीच.

आणि निकोडेंकडचंच साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. त्यांच्या मुलीचं. हॉलमध्ये मुलाकडची मंडळी, आत आम्ही बायका ताटं भरतोय. समोसे थंड झाले म्हणून कुणीतरी ते आणलेल्या कागदासकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवले. कोणी ठेवले ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन मिनिटांत आत ज्वाळ दिसली. धूर निघाला. बायका ओरडल्या, मुलाचा काका बाथरूममधली बादली घेऊन धावत आला. आणि रामटेकेभाऊ, जे हॉलमध्ये मांडी घालून बसले होते, ते कुठून आणि कसे आले देव जाणे, प्लग ओढून मायक्रोवेव्हच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

"दरवाजा नाई उघडायचा! पाणी नाई मारायचं!"

"अहो, आग लागून राह्यली न!" काका म्हणाला.

"लागू द्या. आतच विझन. हवा भेटली तं बाहेर येईन."

काकाने त्यांना सरकवायचा प्रयत्न केला. भाऊंनी काकाला ढकललं. नव्या सोयऱ्याला, साक्षगंधाच्या दिवशी, बादलीसकट. निम्मं पाणी काकाच्या झब्ब्यावर गेलं. भाऊ हलले नाहीत. पाठीमागे काच तापत होती, ते पाठ टेकून उभे. हळूहळू ज्वाळ बसली, काळा धूर राहिला, मग तोही. ओट्याच्या वरच्या फळीवर तेलाचा डबा होता, पडदा होता. दार उघडलं असतं तर काय झालं असतं ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. एवढ्यावर ते थांबले असते तर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. पण त्यांनी मुलाकडच्या सगळ्या मंडळींना हॉलमध्ये बसवलं आणि अर्धा तास समजावून सांगितलं. ओला काका सोफ्याच्या कडेवर बसून ऐकत होता. निकोडेबाई आत माझा हात धरून म्हणत होत्या, "घर वाचवलं याने, खरं आहे. पण सोयरे पळवते आता."

त्यांची बायको सुमनबाई अगदी उलट. तिने वसाहतीबाहेरच्या वस्तीत कितीतरी वर्षं अंगणवाडी चालवली होती. कुणाच्याही घरी शिरायची तीही, पण तिचं शिरणं सावलीसारखं. तुम्ही शाळेतून थकून आलात की तुमच्याच ओट्यावर तुमच्यासाठी चहा ठेवलेला असायचा. कोणाची डाळ शिजवून ठेवायची, कोणाच्या पोराला भरवायची. इमारतीत तिला दार वाजवावं लागत नसे. अलीकडे ती जरा भुलायला लागली होती. एकच गोष्ट दोनदा सांगायची, माझ्याकडे चहा ठेवून निकोडेंकडे जाऊन पुन्हा चहा ठेवायची. त्यांच्या घरातली गॅसची शेगडी भाऊंनी काढून टाकली, नुसता मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन ठेवलं, तेव्हा आम्ही हसलो. म्हटलं, आता स्वतःच्या घरातही प्लांटसारखं परमिट काढून स्वयंपाक.

मग माझी बहीण तिचं चार महिन्यांचं बाळ घेऊन आली. माझी आईही सोबत. एप्रिल होता. बहिणीने दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट फिरवून काढली, बाहेरून हात लावला, कोमट होती. बाळाच्या तोंडाला लावणार, तोच दोन खोकले ऐकू आले आणि तिच्या हातातून बाटली गेली. विचारणं नाही, काही नाही. भाऊंनी बाटली हिसकली, जोराने हलवली, मनगटावर थेंब पाडला आणि तिच्याही मनगटावर पाडला.

"गरम लागलं?"

"लागलं," ती घाबरून म्हणाली.

"बाहेरून कोमट अन् मधात उकळते. लेकराची जीभ भाजली असती. बाटली मशीनीत नाई ठेवायची. गरम पाण्याच्या गंजात ठेवायची." त्यांनी ओट्यावरचं पातेलं पुढे सरकवलं.

बाळ रडायला लागलं. आई उठून उभी राहिली. परक्या पुरुषाने बाळंतिणीच्या हातातून बाटली ओढलेली तिला सहन झाली नाही. "हे कोण? यांना घरात घेतं कोण?" असं ती मला विचारत होती, त्यांच्यासमोर. आणि माझ्यात इतक्या दिवसांचे रुमाल, डबे, कप, स्क्रू ड्रायव्हर एकदम वर आले.

"भाऊ, पुरे झालं आता," मी म्हटलं. "हे माझं घर आहे, तुमचं प्लांट नाही. पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही."

भाऊंनी मनगटावरचा थेंब पुसला. काहीतरी बोलायचं होतं, तोंड उघडलं होतं. मग म्हणाले, "बरं, मॅडम." बाटली ओट्यावर ठेवली. गेले.

पुढचे तीन आठवडे खोकला नाही. जिन्यात भेटले तर मान हलवायचे. मला सुखाचं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. मी रुमाल काढून पुन्हा मायक्रोवेव्हवर घातला.

मे महिन्यात, दुपारी, मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. दार उघडंच होतं. खालून किंकाळी आली. मी धावत उतरले. सुमनबाई माझ्या ओट्यापाशी उभी होती, उजवा हात कोपरापर्यंत लाल, मानेवर चट्टा. खाली फुटलेला कप. माझ्यासाठी कॉफी करत होती. पाणी मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं, बटण दाबलं, दाबल्याचं विसरली, पुन्हा दाबलं, पुन्हा. मशीनने निमूट तापवत नेलं. काढलं तेव्हा पाणी शांत होतं, बुडबुडा नाही, वाफही फारशी नाही. तिने चमच्याने कॉफी टाकली आणि सगळं पाणी एका झटक्यात उसळून बाहेर आलं.

मी टूथपेस्ट शोधायला बाथरूमकडे पळाले. भाऊ जेवायला घरी आले होते. या खेपेला खोकले नाहीत. त्यांनी माझ्या हातातली ट्यूब घेऊन दूर फेकली, तिच्या बांगड्या उतरवल्या आणि हात नळाखाली धरला. नळाला चटका बसेल असं पाणी. चंद्रपूरचा मे, गच्चीवरची काळी टाकी, दुपारचे दोन. त्यांनी नळ बंद केला आणि मला म्हणाले, "माठ!"

मी माठातलं पाणी ओतू लागले. माठ संपला. "अजून पायजे. वीस मिनिटं पायजे." मी जिन्यात जाऊन ओरडले. निकोडेबाई कळशी घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरून माठच उचलून आणला कुणीतरी. ज्या ज्या घरातल्या डब्यांवर त्या माणसाने मार्कर चालवला होता, त्या घरांतलं पाणी येत राहिलं. कुणीतरी बर्फ आणला, तो त्यांनी परत पाठवला. एका हाताने तिचं मनगट धरलेलं, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे नजर, आणि ती रडत विचारत होती, "मॅडमची कॉफी सांडली काय जी?"

"नाई सांडली," ते म्हणाले. "पिली त्यायनं."

दवाखान्यातून पट्टी करून आणल्यावर ती झोपली. ते बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"भाऊ, माझ्या घरात झालं. माझी चूक."

"तुमची काऊन? डॉक्टरनं सांगितलं त्याले दोन वर्षं झाले. आता कमी कमीच होत जाईन म्हणे डोकं. ती कोणत्या वक्ताले कोणाच्या घरी शिरन, काय चालू करन, मले सांगता येत नाई. तिच्या मागं मागं फिरलो असतो, पण ड्युटी आहे. मंग म्हटलं, घरंच ठीक करून ठेवा."

मी खाली बसले. माझे कप, बाजूला सारलेले स्टीलचे डबे, 'दुसरं कोणी केलं तं'.

"मग सांगितलं का नाही आम्हाला? इतके दिवस आम्ही तुम्हाला काय काय बोललो."

"सांगतलं असतं तं तुमी दारं लावली असती," ते म्हणाले. "जाणूनबुजून नाई. पण लावली असती. मले बोलले तं काय होते? तिले कोणी 'येऊ नको' म्हटलं असतं, तं ती कुठी गेली असती दिवसभर?"

मला तेव्हा राग आला. खरंच आला. वाटलं, आम्हाला काय समजतो हा माणूस? आम्ही इतके वाईट आहोत?

तर ऐका. त्यानंतर मी मायक्रोवेव्हचा प्लग वापर झाला की काढून ठेवायला लागले, ते ठीक. पण पुढच्याच आठवड्यात एका दुपारी, पेपर तपासायचे होते म्हणून, मी दाराला आतून कडी लावली. थोड्या वेळाने दार ढकललं गेलं. मग पुन्हा. सुमनबाईला दार वाजवायची सवय नव्हती, ती नुसती ढकलत राहिली. मी पेन हातात धरून बसून राहिले, आवाज न करता. मग तिच्या चपला जिन्याने खाली गेल्या. त्या दिवशी बाकीची दारंही तिला बंदच मिळाली का, ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी जिन्याकडच्या खिडकीतून पाहिलं तर समोरच्या खिडकीत भाऊ बनियनवर उभे होते, त्यांची सुट्टी होती. त्यांनी पाहिलं. ज्या माणसाने सोळा अँपिअरच्या सॉकेटवर मला महिनाभर ऐकवलं, तो यावर एक शब्द बोलला नाही. मी कडी त्यानंतर लावली नाही. ती आली की तिला माझ्याजवळ बसवून चवळीच्या शेंगा मोडायला द्यायचे. मोडलेल्या आणि न मोडलेल्या ती एकत्र करायची.

भाऊंचं येणं पुन्हा सुरू झालं. मी सुधारले म्हणून ते सुधारले नाहीत. दिवाळीत माळांच्या वायरी तपासल्या, पाहुण्यांच्या स्कूटरचं स्टँड तपासलं. मी चिडायचे, दात आवळून चहा द्यायचे. रिटायर झाल्यावर ते नागभीडला स्वतःच्या घरी गेले. ट्रकवर सामान चढत होतं तेव्हा दोराच्या गाठीवरून हमालांशी त्यांचं असं काही वाजलं की निरोप घ्यायचंच राहून गेलं. सुमनबाई पुढच्या सीटवर बसली होती. ती मला म्हणाली, "या बरं, चहाले."

मागच्या हिवाळ्यात मी गोंदियाहून चंद्रपूरला परत येत होते. गाडी नागभीडला थांबली. धान कापून झालेली शेतं, प्लॅटफॉर्मवर ऊन. पलीकडच्या बाकावर ते दोघं बसलेले दिसले. सुमनबाई खूप बारीक झाली होती, अंगावर मरून स्वेटर, केस नीट विंचरलेले. त्यांनी विंचरले असणार, भांग रुळासारखा सरळ होता. तिचा हात त्यांच्या हातात. गाडीत बसणार नव्हते, सोबत सामान नव्हतं. गाड्या पाहायला आणलं असावं तिला.

मी हाक मारणार तोच माझ्या डब्याच्या दारात लोंबकळून मोबाईलवर बोलणाऱ्या एकाकडे त्यांचं लक्ष गेलं. ते उठले. तिचा हात न सोडता उठले, त्यामुळे तीही उठली. "ओ भाऊ! अंदर व्हा! पाय घसरला तं?" तो पोरगा हसला. गाडी सुटली. भाऊ त्याच्याकडे बोट रोखून चालत होते, तिला घेऊन, आणि ती मात्र प्रत्येक खिडकीला हात हलवत होती. एक खिडकी, दुसरी खिडकी, सगळ्यांना तेवढ्याच आनंदाने. माझी खिडकी आली. तिने मलाही हलवला. मी अर्धा हात बाहेर काढून जोरजोराने हलवला, "सुमनबाई! भाऊ!" म्हणत.

भाऊंनी पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

"हात अंदर घ्या!" ते ओरडले. "खांब येते!"

मी हात आत घेतला.